महागाईची अपेक्षा

“महागाईची कुणी अपेक्षा करतं का रे? अपेक्षा पावसाची करतात, पाहुण्याची करतात.” आई एवढेच म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

प्रसंग साधा होता. आमच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी एक प्रश्नावली केली होती. तालुक्याच्या गावातील शंभरेक घरांत जाऊन, भाव किती वाढले असे लोकांना वाटते आणि पुढे किती वाढतील अशी त्यांची अटकळ आहे, हे विचारायचे होते. मूळ नमुना इंग्रजीत असल्याने ‘सर, तुम्ही मराठीवाले, भाषा तेवढी बघा’ म्हणून ते कागद माझ्याकडे आले. मीही सरधोपटपणे लिहिले : ‘येत्या एका वर्षात महागाईबाबत आपली अपेक्षा काय आहे?’ विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी प्रश्न घरी वाचून पाहावा म्हणून आईपुढे ठेवला, तर पहिल्याच ओळीला तो अडला.

शब्दाच्या अंगाने पाहिले तर चूक माझीच होती. अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा ही सारी ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या एकाच धातूची लेकरे. शास्त्राच्या परिभाषेत ‘अपेक्षा’ हा शब्द पुढे काय होईल याविषयीच्या अनुमानासाठी वापरला जातो. ते अनुमान हवेसे आहे की नकोसे, याच्याशी शास्त्राला कर्तव्य नाही. व्यवहारातल्या मराठीत मात्र या शब्दाला इच्छेचा वास लागला आहे. जे व्हावेसे वाटते त्याचीच आपण अपेक्षा करतो. जे होऊ नये त्याची धास्ती बाळगतो. एकाच प्रश्नाने अर्थशास्त्रज्ञ अनुमान विचारत होता आणि आईला तिची इच्छा विचारल्यासारखे वाटत होते.

ही प्रश्नावली ज्या नमुन्यावर बेतली होती तो नमुना भारतीय रिझर्व्ह बँकेचा. २००५ सालापासून बँक अशी पाहणी करीत आली आहे. आरंभी ती तिमाही होती, पुढे दर दोन महिन्यांनी होऊ लागली. २०२५ सालच्या फेऱ्यांत १९ शहरांतील सुमारे सहा हजार कुटुंबांना प्रश्न विचारले गेले. आपल्या राज्यातील मुंबई आणि नागपूर ही दोन शहरे त्या यादीत आहेत. आत्ता महागाई किती आहे असे वाटते, तीन महिन्यांनी किती असेल आणि वर्षाने किती असेल, असा एकूण रोख. उत्तरासाठी टक्क्यांच्या चौकटी आखलेल्या असतात : एकाहून कमी, एक ते दोन, दोन ते तीन, असे करत शेवटी सोळा किंवा त्याहून अधिक. निष्कर्ष प्रसिद्ध करताना बँक आवर्जून नमूद करते की, ही उत्तरे देणाऱ्यांची मते आहेत, बँकेची नव्हेत. वाङ्मयीन नियतकालिकांच्या पहिल्या पानावर ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला ही सूचना अगदी घरची वाटली.

मग मध्यवर्ती बँकेला लोकांच्या या मतांची मातब्बरी का वाटावी? कारण भावांच्या बाबतीत लोकांचे मत हीसुद्धा एक घटना असते. पुढल्या वर्षी भाव दहा टक्क्यांनी वाढतील असे सर्वांना वाटू लागले, की कामगार त्या हिशेबाने पगारवाढ मागतो, घरमालक भाडे वाढवून ठेवतो, दुकानदार नवा माल चढ्या भावाने भरतो आणि जुनाही त्याच भावाने विकतो, गृहिणी साखर आजच भरून ठेवते. वाढ होणार या समजुतीनेच वाढ होते. जुन्या कथांतल्या भाकितासारखे हे आहे. पात्रे भाकीत टाळण्यासाठी धावपळ करतात आणि त्या धावपळीतूनच ते खरे होते. म्हणून लोकांच्या मनातला आकडा स्थिर राहावा, त्याला नांगर असावा, हे बँकेचे उद्दिष्ट असते. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून चार टक्के हे लक्ष्य आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्क्यांची मुभा ठरवण्यात आली. २०२१ साली तेच लक्ष्य पुढील पाच वर्षांसाठी कायम ठेवले गेले. तो ‘चार’ हा आकडा म्हणजे मनाला टाकून दिलेला नांगर होय.

माझ्या मनाला तो नीट लागलेला होता. प्रश्नावली भरून पाहताना मी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाने ‘चार ते पाच’ या चौकटीत खूण केली. आईला प्रश्न बदलून, बोलीत विचारला. ती म्हणाली, “वाढतात ते वाढतातच. दुप्पट लिही.” दुप्पट म्हणजे शंभर टक्के होतात, हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग तुझ्या कागदावर सगळ्यात शेवटी जे असेल ते लिही.”

मला तेव्हा हसू आले होते. ते हसू पुरुषाचे होते आणि शिकलेल्याचे होते, हे नंतर लक्षात आले.

२०२५ सालच्या ऑक्टोबरात ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या त्या मालिकेतला तो नीचांक होता. ‘महागाई घटली’ असे मथळे झळकले. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत लोकांना जाणवणारी महागाई मात्र सहा टक्क्यांच्या वर होती. या दोन आकड्यांतली दरी पाहून सामान्य माणूस अडाणी आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण निदान मराठी माणसाच्या बाबतीत या दरीचा काही भाग भाषेत आहे. शास्त्र ज्याला चलनवाढीचा दर म्हणते तो वेग आहे. ‘महागाई’ हा आपला शब्द वेगाचा नाही, स्थितीचा आहे. गाडीचा वेग कमी झाला म्हणून ती मागे आलेली नसते. आई ‘महागाई घटली’ हा मथळा वाचते तेव्हा तिला भाव उतरले असे सांगितले जात असते, आणि ते तिच्या पिशवीला पटत नाही. भाज्या त्या महिन्यांत खरोखरच उतरल्या होत्या, हे ती मान्य करते. “पण तेलाचं काय? औषधांचं काय?” हा तिचा पुढचा प्रश्न असतो.

‘महाग’चे मूळ संस्कृत ‘महार्घ’ या शब्दात आहे. ज्याचे मूल्य मोठे ते महार्घ. त्याच्या उलट ‘समर्घ’, आणि त्यापासून आलेला आपला ‘सवंग’. एकेकाळी बाजारातला माल सवंग असे. आज बाजारात कुणी हा शब्द वापरत नाही. तो आम्हा समीक्षकांकडे आला आणि आम्ही तो लोकप्रिय कादंबऱ्यांना चिकटवला. महाग मात्र बाजारातच राहिला. या जोडीची अशी फाटाफूट व्हावी, यात काही अर्थ असेलही.

ज्या गोंधळाविषयी मी विद्यार्थ्यांना एवढ्या शहाणपणाने सांगू शकतो, त्याच गोंधळात आमच्या घराचा एक मोठा निर्णय झाला होता. वडील एका खासगी कंपनीत हिशेब विभागात होते. १९९६ साली निवृत्त झाले. हाती आलेल्या रकमेचे काय करायचे, हा प्रश्न होता. त्यांनी ती आजन्म दरमहा ठराविक रक्कम देणाऱ्या एका योजनेत गुंतवली. दरमहा तीन हजार रुपये. त्यांच्या पश्चात आईलाही तेवढेच. आमचा घरखर्च तेव्हा अडीच हजारांत भागत असे. वडिलांनी आखीव कागदावर जमा-खर्च मांडून दाखवला : महिन्याला पाचशे शिल्लक, आणि तीही दोघांच्या अखेरपर्यंत. मी सतराचा होतो. तो कागद मला एखाद्या सिद्धान्तासारखा निर्दोष वाटला होता. आईने एकच विचारले, “आणि भाव वाढले तर?” वडील म्हणाले, “महागाई आता कमी होते आहे.” ते खोटे बोलत नव्हते. त्या दशकाच्या आरंभी दोन अंकी असलेला घाऊक भाववाढीचा दर तोवर बराच खाली आला होता. त्यांच्या हिशेबात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नव्हती. वेगाला त्यांनी स्थिती मानले, एवढेच.

आईला हे कसे कळले, याचे उत्तर मला फार उशिरा, आणि तेही एका परक्या संशोधनात सापडले. उल्रिके माल्मेंडियर आणि श्टेफान नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की पुढच्या महागाईविषयीचा माणसाचा अंदाज त्याने स्वतः आयुष्यात सोसलेल्या महागाईवर बेतलेला असतो. सगळ्यांना उपलब्ध असलेल्या माहितीपेक्षा अंगावरून गेलेले दिवस अधिक वजनदार ठरतात. माल्मेंडियर यांचा सहभाग असलेल्या २०२१ सालच्या आणखी एका अभ्यासात, बायकांचे अंदाज पुरुषांपेक्षा चढे का असतात, याचा शोध घेतला गेला. फरक बाई-पुरुषाचा नव्हता. घरातला किराणा-भाजीपाला कोण आणतो याचा होता. बाजारहाट करणारे पुरुष बायकांसारखेच उत्तर देत होते. हे निष्कर्ष अमेरिकी माहितीवरचे आहेत, पण आमच्या घराला ते जसेच्या तसे लागू पडले. वडिलांनी महागाई वाचली होती. आईने ती पिशवीत भरून आणली होती.

आणि कोणती महागाई! १९७२च्या दुष्काळात ती गोरेगावला नव्याने संसार मांडत होती. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीची स्थापना त्याच वर्षीची. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आई त्या मोर्चांपैकी एकाला गेली होती. त्याचे वर्णन ती फारसे करत नाही. “पोळपाट घरी ठेवला आणि लाटणं घेऊन गेले, आल्यावर त्याच लाटण्यानं पोळ्या केल्या,” एवढेच सांगते. पुढे १९७४ साली देशातल्या ग्राहक किमतींची वाढ पंचवीस टक्क्यांच्याही पुढे गेली. ज्या स्त्रीने विशी-पंचविशीत हे पाहिले तिने ‘सोळा किंवा अधिक’ या चौकटीकडे बोट दाखवले, तर त्यात अडाणीपणा कुठे आहे? ती भविष्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला आपले आत्मचरित्र सांगत होती.

निर्देशांक आणि अनुभव यांच्या या भांडणाला आपल्याकडे जुना इतिहासही आहे. १९६३ साली मुंबईतल्या कामगारांचा त्या शहराच्या किंमत निर्देशांकावरचा अविश्वास इतका वाढला, की अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. निर्देशांक प्रत्यक्ष वाढीपेक्षा कमी वाढ दाखवत होता, असेच तीत निष्पन्न झाले. कामगारांना ‘आम्हाला भाव अधिक वाढलेले वाटतात’ असे म्हणण्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता, आणि तेवढा पुरावा खरा ठरला. अर्थात म्हणून दर वेळी वाटणेच खरे आणि मोजणे खोटे, असे नव्हे. निर्देशांक हा सरासरी माणसाचा असतो, आणि त्या माणसाला कुणी भेटलेले नाही. २०१२च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता आणि आरोग्याचा ५.८९. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माझ्या आईच्या वैयक्तिक खर्चात औषधांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. तिची टोपली वेगळी, म्हणून तिची महागाई वेगळी.

या सगळ्यात माझी जागा कोणती? मी तो मनुष्य आहे ज्याच्या पगाराला महागाई कळते. जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांना, औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकावरून, महागाई भत्त्याचा नवा दर निघतो. आमच्या राज्यात तो उशिरा येतो, पण फरकासह येतो. २०२० साली महासाथीच्या काळात केंद्राने तीन हप्ते गोठवले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर तासिका तत्त्वावर शिकवणारे दोन सहकारी उत्तरपत्रिका तपासत बसलेले असत. त्यांना असा भत्ताच नव्हता, त्यामुळे तो गोठण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांच्यासमोर आम्ही तावातावाने बोलत होतो, याची आज लाज वाटते. आणि घरी आईचे तीन हजार होते, ज्यांना १९९६ नंतर काही घडले आहे याची वार्ताच नव्हती.

औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची आधारवर्षे बदलत गेली : १९८२, २००१, २०१६. जुन्या-नव्या मालिका जोडायला सांधे दिलेले आहेत; पहिल्या दोहोंत ४.६३, पुढच्या दोहोंत २.८८. या सांध्यांनी साखळी जोडून पाहिली, तर १९९६ पासूनची वाढ पाच ते सहा पटींच्या मध्ये भरते. म्हणजे वडिलांचे तीन हजार आज त्या वेळच्या पाचशे-सहाशे रुपयांचे काम करतात. हे गणित मी प्रश्नावलीच्या निमित्ताने पहिल्यांदा केले. आईने ते फार आधी, आणि दुसऱ्याच पद्धतीने केले होते.

तिच्या हिशेबाच्या वह्या लोखंडी कपाटात आहेत. लांब, लाल पुठ्ठ्याच्या. दर महिन्याच्या पहिल्या ओळीत ती त्या तीन हजारांची जमा लिहिते आणि पुढे ते कशासाठी वेगळे काढले, ते लिहिते. १९९७च्या वहीत शब्द आहे ‘घरखर्च’. २००४ साली ‘किराणा, दूध, वीज’. वडील २००८ साली गेले, मी त्याच वर्षी नोकरीला लागलो. तेव्हापासून ते पैसे ती माझ्या हातात देऊ लागली. २०१० : ‘किराणा व दूध’. २०१६ : ‘दूध, गॅस, पेपर’. गेली दोन वर्षे एकच शब्द आहे : ‘दूध’. जमेचा आकडा तीस वर्षे तोच आणि त्याच्यापुढची शब्दयोजना दर काही वर्षांनी आखूड होत गेलेली. इतका नेमका निर्देशांक मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. दर महिन्याला तो माझ्या तळहातावर ठेवला जात होता, आणि मी ‘असू दे गं, कशाला’ म्हणत तो खिशात टाकत होतो.

वह्या चाळताना मी तिला विचारले, “तुला वाईट नाही वाटलं?”

“वाईट कशाचं? मला ठाऊक होतं. ह्यांना तेव्हा म्हटलं होतं मी. पण ह्यांनी इतका सुंदर कागद मांडला होता, की पुढं बोलवेना.”

असाच एक सुंदर कागद माझ्याही संगणकात आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांत मी मोडतो. जुने निवृत्तिवेतन, म्हणजे ज्याला निवृत्तीनंतरही महागाई कळत राहते ते, आमच्या पदरी आले नाही. त्यानंतर दुरुस्त्या, पर्याय, आश्वासने येत राहिली. पण माझ्या वाटची बचत मलाच मोजावी लागते, म्हणून मी एक तक्ता केला आहे. त्यात महागाईच्या रकान्यात मी ‘चार’ लिहिले होते. का? तर ते अधिकृत लक्ष्य आहे म्हणून. लक्ष्य म्हणजे इच्छा. ज्या चुकीसाठी आईने मला पहिल्याच ओळीला अडवले होते ती चूक मी भाषांतरात करण्याआधी तक्त्यात केली होती. मी माझ्या म्हातारपणाच्या जागी ‘अपेक्षा’ लिहिली होती, मराठी अर्थाने.

चाराच्या जागी सहा घालून पाहिले. पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत पुरणारी रक्कम पंच्याहत्तरीत संपली. आई आज ज्या वयाची आहे ते वय गाठण्याच्याही आधी.

प्रश्नावलीचे काम मात्र तिने सोपे केले. दोन दिवसांनी दुधाचे पैसे देताना तिनेच विचारले, “तुझा तो प्रश्न झाला का लिहून?” मी म्हटले, शब्द सापडत नाही. ‘अंदाज’ लिहावा, तर उत्तर देणारा उगाच अंदाज ठोकतो. ‘वाटते’ लिहावे, तर मनात येईल ते सांगतो.

“मग सरळ विचार ना, किती धरून चालता म्हणून.”

धरून चालणे. अंदाज बांधायचा, तो हातात धरायचा आणि त्याच्या आधाराने पावले टाकायची. अर्थशास्त्राला अभिप्रेत असलेली संकल्पना एवढ्या नेमकेपणाने सांगणारी शब्दयोजना मला कुठल्याही परिभाषाकोशात मिळाली नसती. प्रश्न मी बदलला : ‘पुढल्या वर्षी भाव शेकडा किती वाढतील, असे तुम्ही धरून चालता?’ आणि पहिले उत्तर तिच्याकडूनच घेतले. या वेळी ती दुप्पट म्हणाली नाही. थोडा वेळ विचार केला, बोटांवर काहीतरी मोजले.

“दहा धर,” ती म्हणाली. “कमी वाढले तर उरतील. औषधाला होतील.”